कड्याकडून आलेली औटकी

आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी मला शहाणपण शिकवायला नको... मी गणिताची बाई आहे. उभी हयात सांगलीत पोरांच्या डोक्यात त्रैराशिक आणि अपूर्णांक कोंबण्यात गेली. भुतंखेतं, भानामती, अंगात येणं असलं काही कुणी माझ्यासमोर काढलं की मी सरळ विचारायची, "पुरावा काय?" शेजारच्या काकू तर मला बघून विषयच बदलायच्या. तुमच्या या सदरात दर महिन्याला हडळी येतात, पांढऱ्या साड्या येतात, त्या वाचून मी मनसोक्त हसते हेही सांगते. राग मानू नका. पांढरी साडी नेसून रस्त्यात उभं राहायला काय अक्कल लागते?

पण एक गोष्ट मी स्वतःच्या कानांनी ऐकलेली आहे. भर दुपारी, लख्ख उन्हात, शाळाभर पोरं आजूबाजूला असताना. एवढी वर्षं घरच्यांशिवाय कुणाला बोलले नाही, कारण लोक मला हसतील याची भीती. आता हसा. या वयात कोण कुणाला भितंय!

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट, म्हणजे दुसरं महायुद्ध. मी विशीत होते, सांगलीत बायकांच्या ट्रेनिंगमध्ये मास्तरीण व्हायला शिकत होते. हल्ली मुली इंटर्नशिपला परदेशी जातात आणि आईबाप पेढे वाटतात. आमच्या वेळी त्याला "पाठ घ्यायला जाणं" म्हणायचे आणि ते गावातल्याच शाळेत व्हायचं. पण त्या वर्षी सातारा जिल्ह्यातले तरुण मास्तर भरती होऊन गेले, खेड्यांतल्या शाळा ओस पडल्या. तेव्हा आमच्या ट्रेनिंगच्या मोठ्या बाईंनी ओळखीपाळखीतून काही जणींना तिकडे धाडायचं ठरवलं. माझ्या वाट्याला आलं पाटणच्या वरचं, कोयनाकाठचं एक खेडं. नाव देत नाही, त्या घरची माणसं अजून नांदती आहेत.

आता पाटण काही विलायतेत नाही. पण सांगली तेव्हा संस्थान होतं आणि सातारा जिल्हा खालसा, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. आमची आई गल्लीभर सांगत सुटली, "पोरगी खालसात चाललीय हो!" जसं काही मी बोटीतच बसणार होते. त्यात आम्ही जैन. दिवस बुडायच्या आत जेवणारी माणसं, कांदा-लसणाला न शिवणारी. "तिकडं तुला कोण वेळेवर वाढणार? उपाशी मरशील," म्हणून तिनं चिवड्याचा अख्खा डबा बरोबर दिला. मिरजेला गाडी बदलून कऱ्हाड, तिथून कोळशाच्या धुरावर चालणारी सर्व्हिस मोटर. पेट्रोल सगळं लढाईला गेलेलं! चढ आला की उतारू खाली उतरून मोटर ढकलायचे. पुढे बैलगाडी, आणि मग पायपीट. गावात पोचले तेव्हा माझं तोंड आगगाडीतल्या आगवाल्यासारखं काळं झालं होतं.

माझी राहायची सोय आबांच्या घरी केली होती. आबा म्हणजे पांढऱ्या गलमिशांचा म्हातारा, पहिल्या लढाईत फ्रान्सात जाऊन आलेला. घरात ते आणि त्यांची सून हौसा, दोघंच. आबांचा एकुलता मुलगा ज्ञानू पलटणीत होता आणि तो आफ्रिकेच्या वाळवंटात बेपत्ता झाल्याचा सांगावा येऊन बरेच महिने लोटले होते. मेला म्हणून नव्हे, सापडला म्हणूनही नव्हे. बेपत्ता.

हौसा माझ्याच वयाची. उंच, सावळी, हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, आणि हसली की सगळं घर हसतंय असं वाटायचं. दुसऱ्याच दिवशी तिनं माझ्यासाठी वेगळी चूल मांडली. दिवस कलायला लागला की दारातून हाक यायची, "बाई, आवं दीस चालला! ताट वाढलंय, पळा!" आठ दिवसांत सगळ्या आळीला हे पाठ झालं. मी शाळेतून येताना बाया दारादारातून ओरडायच्या, "पळा बाई, पळा, दीस चालला!" लाज वाटायची, पण आईच्या चिवड्याच्या डब्याला मात्र हात लावावा लागला नाही.

शाळा भैरोबाच्या देवळात भरायची. सगळ्या इयत्तांना मिळून एकटे थोरले मास्तर. पटका बांधणारे, तंबाखू चोळणारे, हातात कायम निरगुडीची छडी. मी ट्रेनिंगमधलं ताजं ज्ञान घेऊन गेलेली. "मास्तर, नुसती घोकंपट्टी नको. चिंचोके मांडून शिकवलं की मुलांना समजतं," मी म्हटलं. ते तंबाखूची चिमूट गालात धरून म्हणाले, "ज्वारीचा दर ठरवताना चिंचोके मांडत बसली तर व्यापारी तवर पोतं घिऊन कऱ्हाडात पोचंल की वं!"

या मास्तरांची एक पद्धत होती, ती मी दुसरीकडे कुठेही पाहिली नाही. देऊळ डोंगराच्या एका सोंडेवर होतं. खाली कोयना, आणि पलीकडे समोरासमोर उभा काळा कडा. दुपारच्या सुट्टीआधी मास्तर सगळ्या पोरांना त्या काठावर उभं करायचे आणि पोरं कड्याला पाढे सांगायची. एक ओळ म्हणायची, थांबायचं, कडा ती ओळ परत म्हणायचा, मग पुढची. सगळी पोरं एका सुरात म्हणाली तर कडा स्वच्छ उत्तर द्यायचा. एखादं जरी चुकलं तर तिकडून नुसता गलका परत यायचा. मास्तर म्हणायचे, "आमचा इन्स्पेक्टर त्यो. चूक पदरात घेत न्हाई." खालच्या शेतातल्या बायांना त्यावरून भाकरीची वेळ कळायची.

शेवटी नेहमी औटकी व्हायची. आताच्या वाचकांना सांगायला हवं... औट म्हणजे साडेतीन, आणि औटकी हा साडेतीनचा पाढा. एक औटं साडेतीन, बे औटं सात, तीन औटं साडेदहा. पूर्वी हा न येणारा माणूस बाजारात हमखास फसायचा.

आणि आमच्या मोठ्या बाईंचा एक मंत्र होता, तोही सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. त्या म्हणायच्या, "चूक कानावर आली की तिथल्या तिथे दुरुस्त करा. मूल कुणाचं, कुठलं, बघत बसू नका. कान आधी, डोळे नंतर." मला ती सवय इतकी लागली की आबा बोलताना चुकले तरी मी दुरुस्त करायची. हौसा पदर तोंडात धरून हसायची.

माघ लागला आणि आबांच्या घरचं वारं फिरलं. गोठ्यातला बैल मेला. आबांना रोज एकच स्वप्न पडायला लागलं, ज्ञानू वाळूत बसलाय आणि पाणी मागतोय. देवऋषी म्हणाला, पोर गेलंय, त्याचं कुणी काही केलं नाही म्हणून ते तहानलेलं फिरतंय. झालं! आबांनी ठरवलं, अवसेला नदीवर ज्ञानूचा पळसविधी करायचा. प्रेत मिळालं नाही की पळसाच्या पानांचा माणूस बांधतात आणि त्याला अग्नी देतात. पण त्यानंतर तो माणूस मेला तो मेला. उद्या जिवंत परत आला तरी गाव त्याला घरात घेताना दहादा विचार करणार. आणि विधवा झालेली बायको ती विधवाच.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आबा, नुसता बेपत्ता आहे ना तो? थांबा की अजून."

आबा रागावले नाहीत. म्हणाले, "पोरी, मी बघितलंय बेपत्ता म्हंजे काय असतं ते. फ्रान्सात चिकलात गेल्याली माझ्या जोडीची मानसं अजून बेपत्ताच हायत. माझं लेकरू तान्हेलं हाय गं... घोटभर पानी बी देऊ नको व्हय मी त्याला?" आणि तो एवढा मोठा मिशाळ माणूस माझ्यासमोर ढसाढसा रडला.

अवसेच्या आदल्या दिवशी हौसानं मला नेहमीसारखं लवकर वाढलं. मी जेवत असताना ती हातातल्या बांगड्या एकेक करून मागेपुढे सरकवत होती.

"उद्या माझं कुकू पुसत्यात, बाई."

माझा घास तोंडातच राहिला.

"मला न्हाई वाटत त्ये गेल्यात. पर माझ्या वाटन्याला कोन इचारतंय? मामंजींचं बी खोटं कसं म्हनू? त्ये मायेनंच करत्यात." मग माझ्या ताटाकडे बघून म्हणाली, "जेवा तुमी. दीस बुडंल."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मुद्दाम शाळा भरवली. पोरांनी नदीकडे जाऊन ते सगळं बघू नये म्हणून. वरून काठावरून मात्र सगळं दिसत होतं. पाटणहून आलेले भटजी, गावातली पाचपन्नास माणसं, आणि आबा खाली बसून हातानं मोजून पळसाचा पुतळा बांधत होते. साडेतीन हात. माणूस तेवढाच असतो. हौसा एका बाजूला बसलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू. आज शेवटचं म्हणून बायांनी मोठं लावलं होतं.

पाढे म्हणायची वेळ झाली. मास्तरांचा पाय निघेना, ते देवळाच्या पायरीवर बसून राहिले. म्हणाले, "तुमीच घ्या आज." मी पोरांना काठावर उभं केलं. बाकीचे पाढे झाले, औटकीवर आलो.

"एक औटं साडेतीन!"

कड्यानं परत म्हटलं. पण मध्येच काहीतरी खुपलं. पोरांच्या आवाजात एक शब्द वेगळा आला होता. "लाभ".

हे शहरातल्या वाचकांना कळायचं नाही. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला "एक" म्हणत नाहीत, "लाभ" म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार... रास वाढावी म्हणून. शेतकऱ्याची पोरं ती सवय शाळेत आणतात आणि पाढा लाभापासून सुरू करतात. मला वाटलं, यांच्यातलंच एक कुणीतरी.

"लाभ कोण म्हणालं?"

सगळ्यांनी माना हलवल्या. मी चिडले. "हाताची घडी, तोंडावर बोट!" सगळी पोरं चिडीचूप. खाली नदीकाठी भटजींचं सुरू व्हायचं होतं. वारासुद्धा नव्हता.

आणि समोरच्या कड्याकडून आवाज आला.

"लाभ औटं साडेतीन..."

पोरांचा नव्हे. मोठ्या माणसाचा. घसा सुकलेला, अडखळत, दमानं.

"बे औटं सात..."

मी समोर बघितलं, पोरांकडे बघितलं. सगळ्यांची बोटं तोंडावर होती आणि डोळे बटाट्यासारखे झाले होते. मागे पायरीवर मास्तर उभे राहिले, त्यांच्या तळव्यावरची तंबाखू खाली सांडली. आता खरं म्हणजे मी किंचाळायला हवं होतं. पण काय सांगू, त्या क्षणी मला भीतीबिती काही वाटली नाही. चूक कानावर आली होती, बस्स. मी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि वर्गात ओरडते तशी ओरडले:

"लाभ नाही! एक म्हण! पुन्हा!"

"पुन्हा... पुन्हा..." हा माझाच आवाज परत आला. मग काहीच नाही. आणि मग—

"एक औटं साडेतीन."

हळूहळू, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा. "बे औटं सात. तीन औटं साडेदहा. चार औटं... चौदा."

तिथे थांबला.

आता माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. डोक्यापासून टाचेपर्यंत. पोरांनी एकच कालवा केला आणि सगळी देवळात धावली, काही तर थेट भैरोबाच्या मागे जाऊन लपली. मास्तर माझ्याजवळ आले.

"ज्ञानूचा आवाज हाय ह्यो." त्यांनी माझा दंडच धरला. "असलंच लाभ म्हनायचा. शाळा सुटंस्तवर मारून मारून माझी छडी मोडली, पर त्याचा लाभ सुटला न्हाई!" आणि पटका सांभाळत तो म्हातारा उतारावरून धावत सुटला.

काठावर मी एकटी राहिले. ओरडावं म्हटलं तर घशातून आवाज निघेना. नुसते ओठ हलले. "पुढे?" असं मी पुटपुटले, बाजूला कुणी असतं तरी त्याला ऐकू गेलं नसतं. कडा गप्प होता. मग मीही धावले.

खाली कुणाला तो आवाज ऐकूच आला नव्हता; मी पोचले तर मास्तर धापा टाकत आबांना सांगत होते आणि आबा उलट चेव आल्यासारखे बोलत होते. "आलाच की मग! ऐकलंसा न्हवं? मी काय म्हनत हुतो! पानी मागाय आलाय लेकरू माझं. आत्माच हाय त्यो. आवं भटजी, चला, वेळ नका लावू!"

माणसं माना डोलवायला लागली. मलाही क्षणभर वाटलं, खरंच की, हे तर आगीत तेल ओतल्यासारखं झालं! हौसाला दोन बायांनी धरून उभं केलं होतं, एकीच्या हातात बांगड्या फोडायला दगड होता.

आणि मी, परक्या मुलखातली, परक्या धर्माची, विशीतली पोर, त्या सगळ्या थोरामोठ्यांच्या मध्ये घुसले. आज आठवलं तरी माझंच मला नवल वाटतं.

"आबा, तो आधी लाभ म्हणाला. मी सांगितलं, चूक आहे, एक म्हण. मग तो एक म्हणाला."

"मग?"

"मग काय? मेलेला माणूस चूक दुरुस्त करतो का हो? मेलेल्या माणसाला शिकवता येतं का, आबा? तुमचा मुलगा आत्ता, माझ्यासमोर शिकला!"

आबांनी माझ्याकडे बघितलं, मग मास्तरांकडे.

"मास्तर... त्यो 'एक' म्हनला?"

"म्हनला, आबा. भैरोबाची आण. माझं जन्मात ऐकलं न्हाई त्यानं. हिचं ऐकलं."

आबा मटकन खाली बसले. कितीतरी वेळ त्या पळसाच्या माणसावर हात ठेवून होते. मग त्याची गाठ त्यांनी दातानं सोडली आणि पानं मोकळी करून नदीत सोडायला लागले. भटजी कुरकुरले, "एवढ्या लांब पायपीट करून आलो..." तर आबा म्हणाले, "जेवून जा. गोडाचं करतो."

हौसा माझ्याजवळ आली. तिनं माझं मनगट असं धरलं की तिच्या बांगड्या माझ्या कातड्यात रुतल्या.

"बाई, खरं सांगताय न्हवं? माझी दया म्हनून न्हवं?"

"माझ्या कानांनी ऐकलं गं."

"मग बास," ती म्हणाली.

बास कसलं! माझा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी मास्तरांना घेऊन मी नावेनं पलीकडे गेले, वळसा घालून कड्याच्या माथ्यावर चढले. पुरावा काय, हे मी स्वतःलाही विचारणारच ना? वर वाळलेलं गवत आणि एका धनगराची मेंढरं. त्याला विचारलं, काल दुपारी इथे कोण ओरडत होतं? तो म्हणाला, "तुमचीच पोरं वराडत हुती की वं खाली. आन मग तुमी. हितं कोन येतंय मरायला?" कड्याला कपार नाही, गुहा नाही, उभा राहील इतकी जागा नाही. मी सगळं बघितलं.

माझे पाठ संपले, मी सांगलीला परत आले. मोठ्या बाईंनी विचारलं, "तिकडे काय शिकलीस?" मी चिंचोक्यांबद्दल काहीतरी सांगितलं. पण आतून मला खायला लागलं होतं. मी हे काय करून बसले? ज्ञानू खरंच मेला असेल तर? त्या म्हाताऱ्याला मुलाला पाणीही देऊ दिलं नाही आणि त्या पोरीच्या पदरात नुसती आशा बांधून आले. तिनं किती वर्षं वाट बघायची, माझ्या कानांच्या भरवशावर? अभ्यासाला बसले की हौसाचं कुंकू डोळ्यांसमोर यायचं आणि वाटायचं, बाई गं, तुझा कान चुकला असेल तर!

पावसाळा उलटून गेला आणि थोरल्या मास्तरांचं कार्ड आलं. ज्ञानू इटलीत शत्रूच्या कैदेत आहे, जिवंत आहे, असं पलटणीकडून कळलं. मी ते कार्ड घेऊन मंदिरात गेले आणि तिथेच बसून रडले. आईला वाटलं, कुणी गेलं. मग तिला सगळं सांगितलं, तर ती एकदम म्हणाली, "अगं, त्या हौसानं वेळेवर वाढलं ना तुला? त्याचंच फळ." आमच्या आईचं गणित असं होतं.

खरा धक्का पुढेच आहे.

लढाई संपली. मी सांगलीतच मुलींच्या शाळेत लागले होते. एक दिवस दुपारी वर्गात एका पोरीवर खेकसत होते, "चूक! पुन्हा म्हण!" आणि बाहेर व्हरांड्यात काहीतरी धपकन वाजलं. बघते तर हौसा! तशीच हिरव्या बांगड्यांची. आणि तिच्या पायाशी जमिनीवर एक लंगडा, वाळलेला माणूस भिंतीला टेकून बसलेला. त्याच्या हातातली नारळाची पिशवी खाली पडली होती आणि तो पांढराफटक पडून माझ्याकडे बघत होता.

"ह्योच आवाज," तो हौसाला म्हणाला. "हौसे, ह्योच."

त्यानं सांगितलं ते असं. कैदेत असताना एकदा वरून बाँब पडले आणि ज्या तळघरात यांना कोंडलं होतं ते ढासळलं. हा खाली गाडला गेला. पाय दगडाखाली, तोंडात धुरळा, दिवस की रात्र कळेना. थंडी होती एवढंच आठवतं. झोप यायला लागली. झोपलं की संपलं, हे ठाऊक होतं म्हणून तो जागं राहायला औटकी म्हणायला लागला. "का म्हनून औटकीच, मला बी ठावं न्हाई. आन एकदम कुनीतरी बाई वराडली, लाभ न्हाई, एक म्हन, पुन्हा! मला असा राग आला, बाई! म्हटलं, हितं बी मास्तरीन? सुखानं मरू बी दीनात! पर म्हनलो. मोट्यानं म्हनलो. आन त्यो आवाज ऐकून वर उकरनाऱ्या गोऱ्यांनी त्याच जागी उकराय घेतलं."

आता मी कोण? पुरावावाली. माझं डोकं लगेच चालायला लागलं. हौसानं घरी याला सगळी हकीकत सांगितली असणार, मास्तरांनी सांगितली असणार. आजारी माणूस, ऐकून ऐकून मनात चित्र तयार होतं. मी मनात म्हटलं, असू दे बिचाऱ्याला. आणि तोंडानं "हो का, बरं झालं," असं काहीतरी बोलले.

त्यानं ते ओळखलं असावं. तो थोडा पुढे वाकला.

"चौदावर मी अडाकलो, बाई. तोंडात माती. मग तुमी हळूच म्हनला, 'पुढे?'"

मी व्हरांड्याचा खांब धरला.

पोरं देवळात होती. मास्तर उतारावर होते. आणि तो शब्द माझ्या ओठांबाहेरसुद्धा नीट पडला नव्हता. मी तो मास्तरांना सांगितला नव्हता, हौसाला नाही, आईलाही नाही. माझा मलाच तो आठवायला इतकी वर्षं लागली होती. अरे देवा... हौसानं मला धरून पायरीवर बसवलं.

"तवा म्हनता आलं न्हाई," ज्ञानू म्हणाला. "आता म्हनतो. पाच औटं साडेसतरा."

"बरोबर," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आम्ही तिघंही रडत होतो, आणि वर्गातल्या सगळ्या पोरी खिडकीत येऊन आमच्याकडे आ वासून बघत होत्या.

पुढे एकदा मी मुद्दाम त्या गावी जाऊन आले. काठावर उभी राहून औटकी म्हटली. कड्यानं माझाच आवाज परत दिला, अगदी साधा, कुठेही न चुकता. प्रतिध्वनी म्हणजे काय हे मी शिकवलेलं आहे. ध्वनी किती लांब जातो हेही मला ठाऊक आहे. इटलीपासून कोयनेपर्यंत तो कसा आला आणि माझा पुटपुटलेला शब्द तिकडे कसा गेला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर जरूर कळवा, पण पुरावा घेऊन.

त्या फेरीत हौसा हसत तक्रार करत होती, की ज्ञानू आता खळ्यावरसुद्धा पहिल्या मापाला "एक"च म्हणतो. आबा ओरडतात, रास वाढायची न्हाई म्हणून, पण तो ऐकत नाही. बाईंनी सांगितलंय म्हणतो. मी मात्र तेव्हापासून घरात तांदूळ मापताना पहिल्या मापाला "लाभ" म्हणते. नातसून हसते. हसू दे.